सिमको तलावावर पहिला गळ टाकण्यापूर्वी

कॅनडात टोरोंटोजवळ असलेल्या सिमको तलावात मासे किती आहेत आणि ते नवख्याच्या गळाला लागतील का, या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण नकाशावर एकच दिसणाऱ्या या पाण्यात खरे तर दोन तलाव आहेत. वरचा तलाव उन्हाळ्यात कोमट होणारा, पाणवनस्पतींनी भरलेला आणि पर्च, बास, पाइक या माशांचा आहे. त्याच्या खालचा तलाव बाराही महिने थंडगार आणि काळोखा असतो. लेक ट्राउट, व्हाइटफिश आणि लेक हेरिंग हे मासे तिथले. वरच्या तलावात मासे भरपूर आहेत आणि नवशिक्यालाही रिकाम्या हाताने क्वचितच परतावे लागते. खालचा तलाव मात्र गेल्या शतकात जवळजवळ हातचा गेला होता आणि आता हळूहळू सावरतो आहे. हा फरक एकदा लक्षात आला, की परवान्यापासून गळाच्या आकारापर्यंतचे पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. टोरोंटो आणि आसपासच्या शहरांत नव्याने आलेल्या, लहानपणी खाडीवर किंवा धरणाच्या काठी गरवायला गेलेल्या आणि इथे पुन्हा ती काठी हातात घ्यावी असे वाटणाऱ्या मराठी वाचकांसाठी हा लेख आहे.

तलावाची ओळख

सिमको तलाव टोरोंटोच्या उत्तरेला सुमारे 65 किलोमीटरवर आहे. त्याचे क्षेत्रफळ 722 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीपेक्षा दीडपटीहून अधिक. जॉन ग्रेव्हज सिमको या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1793 मध्ये आपल्या वडिलांचे नाव त्याला दिले. अर्थात या पाण्यावर माणसे त्याच्या हजारो वर्षे आधीपासून मासे धरत होती. तलावाचे पाणी उत्तरेला ओरिलियाजवळ अॅथर्ली नावाच्या अरुंद सामुद्रधुनीसारख्या वाटेने कुचिचिंग तलावात आणि तिथून सेव्हर्न नदीने जॉर्जियन उपसागराकडे जाते. त्या अरुंद वाटेच्या तळाशी लाकडी खुंट रोवून केलेल्या माशांच्या बांधांचे अवशेष आहेत. त्यांतले सर्वांत जुने साडेचार हजार वर्षांहून अधिक जुने असून म्नजिकानिंग या नावाने ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपलेले आहेत. कोकणातल्या खाड्यांत खुंट रोवून मासे वळवण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. रामा आणि जॉर्जिना बेट येथील चिप्पेवा समाज आजही या तलावाच्या काठी राहतो, आणि त्यांच्यासह सात आदिवासी राष्ट्रांचे या प्रदेशातील मासेमारीचे व शिकारीचे करारसिद्ध हक्क 2018 च्या समझोत्यात मान्य झाले आहेत. त्यामुळे आपल्याला लागू असलेल्या तारखांबाहेर कोणी मासे धरताना दिसले, तर लगेच कायदेभंगाचा निष्कर्ष काढू नये.

तलावाचे तीन भाग ध्यानात ठेवावेत. दक्षिणेचा कुक्स बे हा उथळ, वनस्पतींनी भरलेला आणि हॉलंड मार्शच्या भाजीपाल्याच्या शेतांमधून आलेले पाणी घेणारा भाग. पश्चिमेचा केम्पनफेल्ट बे हा अरुंद आणि खोल असून तलावाची सर्वाधिक खोली, सुमारे 41 मीटर, तिथेच आहे. बॅरी शहर याच उपसागराच्या टोकाला वसले आहे. उरलेला मधला विस्तीर्ण भाग म्हणजे मुख्य तलाव, ज्यात जॉर्जिना, थोरा आणि स्नेक ही बेटे आहेत. गाडी नसलेल्यांसाठी एक सोय आवर्जून सांगण्यासारखी आहे: गो ट्रेन या प्रादेशिक रेल्वेचे अॅलनडेल वॉटरफ्रंट हे स्थानक केम्पनफेल्ट बेच्या काठालाच आहे, त्यामुळे काठी आणि पिशवी घेऊन टोरोंटोहून रेल्वेने येऊन किनाऱ्यावरून गळ टाकता येतो.

खालचा तलाव कसा गुदमरला

हा भाग गळाच्या उपयोगाचा नाही असे वाटून कोणी गाळू नये, कारण मासा कुठे असेल हे यावरूनच कळते. उन्हाळ्यात सूर्याने तापलेले पाणी हलके होऊन वर राहते आणि थंड, जड पाणी तळाशी अडकते. दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून तळाच्या पाण्याला हवेतून नवा प्राणवायू मिळणे शरद ऋतूपर्यंत बंद होते. वसंतात साठवलेल्या प्राणवायूवरच त्याला तोवरचे महिने काढावे लागतात. अशा वेळी शेतातून, सांडपाण्यातून आणि रस्त्यांवरून वाहून आलेल्या फॉस्फरसमुळे वरच्या थरात शेवाळ माजले, की ते मरून तळाशी जाते, कुजते आणि कुजताना तो मोजका साठा संपवून टाकते. लेक ट्राउटची मोठी मासळी कमी प्राणवायूत कशीबशी तग धरते. पिल्लांना ते जमत नाही. 1960 च्या दशकापासून तलावात लेक ट्राउटची, आणि पाठोपाठ व्हाइटफिशची, नैसर्गिक वीण वाया जाऊ लागली. मोठे मासे अंडी घालत होते, पण पुढची पिढी दिसत नव्हती. दरवर्षी उबवणी केंद्रांत वाढवलेली पिल्ले तलावात सोडूनच हे मासे टिकवले गेले.

त्यानंतर सांडपाणी शुद्धीकरण सुधारले, 2008 मध्ये ओंटारियो प्रांताच्या सरकारने केवळ या एका तलावासाठी संरक्षण कायदा केला आणि 2009 च्या आराखड्यात दोन आकडे ठरवले: तळाच्या पाण्यात उन्हाळ्याच्या अखेरीस लिटरमागे किमान 7 मिलिग्रॅम प्राणवायू, आणि तलावात येणारा फॉस्फरस वर्षाला 44 टनांपर्यंत खाली. पहिल्या बाबतीत प्रगती झाली आहे आणि नैसर्गिकरीत्या जन्मलेले लेक ट्राउट पुन्हा दिसू लागले आहेत. दुसरे लक्ष्य अजून दूर आहे. त्यातच हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेल्या मिठामुळे पाण्यातील क्लोराइड वाढत आहे, आणि हवामान तापल्याने उन्हाळी थर पूर्वीपेक्षा लवकर पडतो व उशिरा मोडतो. तळाच्या पाण्याला श्वास रोखून धरण्याचा काळ त्यामुळे लांबला आहे.

नवख्याला हा इतिहास स्वतःच्या हातात पाहता येतो. उबवणी केंद्रातून सोडलेल्या ट्राउटचा एखादा पर आधी कापलेला असतो, जेणेकरून तो कोणत्या वर्षी सोडला हे ओळखता यावे. तुमच्या गळाला लागलेल्या ट्राउटचे सगळे पर शाबूत असतील, तर तो बहुधा याच तलावात जन्मलेला आहे. पहिल्यांदा असा मासा हाती आला, तेव्हा मी त्याचे पर दोनदा मोजले होते.

परवाना: कोणाला लागतो, कोणता घ्यावा

ओंटारियोत 18 ते 64 वयाच्या रहिवाशाला मासे धरण्यासाठी आउटडोअर्स कार्ड आणि त्यासोबत मासेमारीचा परवाना, अशा दोन गोष्टी लागतात. कार्ड तीन वर्षे चालते. परवाना दोन प्रकारचा असतो. 'स्पोर्ट' परवान्यात मासे ठेवण्याची मर्यादा पूर्ण असते, तर 'कॉन्झर्वेशन' परवान्यात ती कमी असते आणि शुल्कही कमी असते. उदाहरणार्थ, सिमको तलावात पर्चची दैनिक मर्यादा पहिल्यात 50 आणि दुसऱ्यात 25 आहे. लेक ट्राउटसाठी ती अनुक्रमे 2 आणि 1 आहे. नवख्याने निःशंकपणे कमी शुल्काचा कॉन्झर्वेशन परवाना घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पंचवीस पर्च साफ करायला बसल्यावर सव्विसावा हवा होता असे म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. फक्त एक दिवस करून पाहायचे असेल तर एक दिवसाचा परवाना मिळतो आणि त्याला आउटडोअर्स कार्ड लागत नाही.

इथे नव्याने आलेल्या कुटुंबांची गफलत दोन ठिकाणी होते. 'ओंटारियोचा रहिवासी' या व्याख्येत बसण्यासाठी तुमचे मुख्य घर या प्रांतात असावे लागते आणि मागच्या बारा महिन्यांत सलग सहा महिने तुम्ही इथे राहिलेले असावे लागते. नुकतेच विमानातून उतरलेल्यांनी परवाना काढताना आपण कोणत्या गटात मोडतो हे तपासावे. दुसरी गोष्ट पाहुण्या आईवडिलांची. 65 वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला परवाना लागत नाही हे खरे आहे, परंतु ही सवलत कॅनडाच्या रहिवाशांसाठी आहे. उन्हाळ्यात पुण्याहून किंवा सांगलीहून आलेल्या सत्तर वर्षांच्या बाबांना गळ हातात धरायचा असेल, तर त्यांच्यासाठी अनिवासी परवाना काढावा लागतो. भारतातून आलेल्या अठरा वर्षांखालील भाच्याला मात्र परवानाधारक व्यक्ती सोबत असल्यास मासे धरता येतात, फक्त त्याने ठेवलेले मासे त्या परवानाधारकाच्या मर्यादेत मोजले जातात.

ज्यांना पैसे खर्च करण्यापूर्वी आवड तपासायची आहे, अशा कॅनडाच्या रहिवाशांसाठी प्रांतात वर्षातून चार वेळा परवान्याशिवाय मासेमारी करता येते: फेब्रुवारीतील फॅमिली डेचा शनिवार-रविवार धरून सुट्टीचे दिवस, मदर्स डे व फादर्स डे यांचे शनिवार-रविवार, आणि कॅनडा डेच्या आसपासचा आठवडा. या दिवसांत कॉन्झर्वेशन परवान्याच्या मर्यादा पाळाव्या लागतात आणि सरकारी ओळखपत्र जवळ ठेवावे लागते. काठी आणि रीळ उसने देणारा टॅकलशेअर नावाचा उपक्रमही आहे. काही सार्वजनिक ग्रंथालये आणि प्रांतीय उद्याने पुस्तकासारखी काठी घरी नेऊ देतात.

सिमको तलाव मत्स्य व्यवस्थापनाच्या विभाग 16 मध्ये येतो, परंतु या तलावासाठी काही वेगळे नियमही आहेत. म्हणून वार्षिक नियमपुस्तिकेत विभागाचे सर्वसाधारण कोष्टक पाहून थांबू नये, त्याखालच्या अपवादांच्या यादीत तलावाचे नाव शोधावे. नियम बदलत असल्याने मागच्या वर्षीची प्रत वापरू नये.

पहिला मासा पर्चच असावा

यलो पर्च हा पिवळसर अंगावर उभे गडद पट्टे असलेला, साधारण वीतभर लांबीचा मासा आहे. तो थव्याने राहतो, वर्षभर धरता येतो, दिवसा खातो आणि अंधार पडताच तोंड मिटतो. या शेवटच्या सवयीमुळे लहान मुलांसह जाणाऱ्यांना तो अगदी सोयीचा आहे. पहाटे चारला उठायची गरज नाही. वसंतात तो उथळ पाण्यात वनस्पतींवर जेलीसारख्या लांब फितीच्या रूपात अंडी घालतो. एखाद्या वर्षाची वीण उत्तम साधते, एखाद्या वर्षाची फसते, त्यामुळे काही हंगामांत लहान पर्चची रेलचेल असते आणि मोठे हुडकावे लागतात. पण एकूण संख्येच्या दृष्टीने हा तलावातला सर्वांत भरवशाचा मासा आहे.

त्यासाठी हलकी, टोकाला लवचीक काठी, बारीक दोरी आणि लहान गळ पुरतो. टोकाला छोटे शिसे किंवा शिशाच्याच डोक्याचा गळ, ज्याला इथे जिग म्हणतात, आणि त्यावर गांडुळाचा तुकडा किंवा लहानसा आमिष-मासा लावावा. कुक्स बेमध्ये दोन ते सहा मीटर पाण्यात, वनस्पतींच्या कडेला, आमिष तळापासून वीत-दीड वीत वर ठेवावे. मग ते किंचित उचलावे, खाली येऊ द्यावे आणि थांबावे. बहुतेक वेळा मासा त्या थांबण्यातच धरतो. नवख्याची सर्वांत मोठी चूक म्हणजे सतत हात हलवत राहणे. दुसरी चूक म्हणजे एकाच जागी चिकटून बसणे. दहा मिनिटांत चाहूल लागली नाही तर जागा बदलावी, कारण थवा तिथे नाही. एक पर्च मिळाला की मात्र हलू नये. आपल्याकडे गळ टाकून बसणे हा वाक्प्रचार चिवट प्रतीक्षेसाठी वापरतात, पण पर्चच्या बाबतीत बसून राहणाऱ्यापेक्षा फिरणाराच जास्त मासे आणतो.

आमिषाबाबत नियम कडक आहेत आणि त्यामागे कारण आहे. 2011 मध्ये या तलावातील माशांत व्हीएचएस नावाचा विषाणूजन्य रक्तस्रावी रोग आढळला. असे रोग आणि परके जीव बादलीतल्या पाण्याबरोबर एका तलावातून दुसऱ्यात जातात. 2022 पासून ओंटारियोत आमिषाचे चार विभाग केले आहेत. जिवंत किंवा मेलेले आमिष-मासे आणि जळवा एका विभागातून दुसऱ्यात नेता येत नाहीत, आणि घरापासून दूरच्या विभागात आमिष विकत घेतले तर पावती जवळ ठेवावी लागते. उरलेले आमिष किंवा बादलीतले पाणी तलावात, अथवा काठापासून 30 मीटरच्या आत, ओतणे हा गुन्हा आहे. मुलांना 'बिचाऱ्या माशांना सोडून देऊया' असे वाटणे स्वाभाविक आहे, तेव्हा हे घरूनच सांगून निघावे. तीच गोष्ट राउंड गोबी या परक्या माशाची. बटबटीत डोळ्यांचा आणि पहिल्या पाठपरावर काळा ठिपका असलेला हा लहान मासा गळाला लागला, तर तो जिवंत ठेवू नये आणि पाण्यात परतही सोडू नये.

बर्फावर जाताना

सिमकोचे खरे नाव आहे ते हिवाळ्यासाठी. दक्षिण किनाऱ्यावरचे जॉर्जिना स्वतःला बर्फावरील मासेमारीची राजधानी म्हणवते, आणि चांगल्या हिवाळ्यात गोठलेल्या तलावावर लहान लाकडी खोपट्यांचे गावच उभे राहते. नवख्याने पहिल्या खेपेला स्वतःच्या जबाबदारीवर बर्फावर मुळीच जाऊ नये. दिवसभरासाठी खोपटे भाड्याने देणारे व्यावसायिक जॉर्जिना, इनिसफिल, बॅरी आणि बीव्हर्टनच्या किनाऱ्यांवर आहेत. ते तुम्हाला साखळीपट्ट्यांच्या गाडीतून खोपट्यापर्यंत नेतात, भोके पाडून देतात, शेगडी पेटवून देतात आणि संध्याकाळी परत आणतात. काठ्या व आमिष भाड्यात धरलेले आहे का, हे आधी विचारून घ्यावे. खोपटे पर्चसाठी उथळ पाण्यावर आहे की ट्राउट-व्हाइटफिशसाठी खोल पाण्यावर, हेही विचारावे, कारण एकाच जागी दोन्ही मिळत नाहीत. मुले सोबत असतील तर पर्चचे खोपटे मागावे. खोल पाण्यावरच्या खोपट्यात दिवसभरात एखादाही मासा न लागणे यात काही विशेष नसते आणि मुलांचा उत्साह अकरा वाजेपर्यंत संपतो.

बर्फाच्या जाडीचे नेहमी सांगितले जाणारे ठोकताळे असे आहेत: स्वच्छ निळसर बर्फ किमान 10 सेंटिमीटर असेल तर माणसाने पायी जावे, स्नोमोबाइलसाठी (बर्फावर चालणाऱ्या छोट्या गाडीसाठी) सुमारे 15 ते 18 आणि मोटारीसाठी 20 ते 30 सेंटिमीटर लागतो. पांढरा, बर्फवृष्टीत भिजून गोठलेला बर्फ निम्म्याच ताकदीचा असतो, म्हणून त्याला दुप्पट जाडी हवी. हे आकडे पूर्ण तलावाला सरसकट लागू होत नाहीत. उथळ कुक्स बे आधी गोठतो आणि खोल केम्पनफेल्ट बे उशिरा. वाऱ्याने बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटू शकतो, आणि दाबाच्या भेगा काल नव्हत्या तिथे आज पडतात. बर्फ फुटून पाण्यात पडल्यास कडेला रोवून वर येण्यासाठी गळ्यात अडकवायची बर्फटोचणी, शक्यतो तरंगणारा पोशाख आणि घरी कोणालातरी सांगून ठेवलेली परतीची वेळ, या तीन गोष्टी खोपट्यातल्या शेगडीपेक्षा महत्त्वाच्या आहेत. शेगडी असलीच तर खोपट्याचे हवाझरोके बंद करू नयेत, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. 2023-24 च्या उबदार हिवाळ्यात बर्फाचा हंगाम फारच तोकडा ठरला, तेव्हा पूर्वनोंदणी करताना बर्फ न धरल्यास पैसे परत मिळतील का, हे विचारण्यात संकोच करू नये.

बर्फावर एका माणसाला दोन दोऱ्या टाकता येतात, खुल्या पाण्यात एकच. बर्फावरील दोऱ्या तुमच्यापासून 60 मीटरच्या आत आणि सतत नजरेच्या टप्प्यात असाव्या लागतात. दोरी पाण्यात सोडून शेजारच्या खोपट्यात गप्पा मारायला जाता येत नाही.

थंड पाण्यातले मासे

पर्चचा हात बसला, की खालच्या तलावाकडे वळावे. लेक ट्राउट आणि व्हाइटफिश यांचा हंगाम 1 जानेवारी ते 15 मार्च आणि पुन्हा मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारपासून 30 सप्टेंबरपर्यंत असतो. शरदात तो बंद होतो, कारण तेव्हा हे मासे खडकाळ उंचवट्यांवर अंडी घालायला येतात. लेक हेरिंगची कहाणी अधिक बोलकी आहे. संख्या घसरल्यामुळे 2001 मध्ये तिची मासेमारी पूर्ण बंद केली गेली आणि साठा सावरल्यावर 2015 मध्ये, दिवसाला फक्त दोन अशा मर्यादेने, पुन्हा सुरू झाली. एका पिढीने तो मासा गळाला लागलेला पाहिलाच नव्हता.

हिवाळ्यात व्हाइटफिश साधारण 20 ते 30 मीटर पाण्यात अगदी तळाशी चरते. तिचे तोंड लहान, खाली वळलेले आणि नाजूक असते. म्हणून लहान पण वजनदार जिग तळाला हलकेच टेकवावा, तळचा गाळ किंचित उडवावा आणि दोरीला झटका न देता फक्त ताण जाणवला की उचलावी. ट्राउट याच्या उलट स्वभावाचा आहे. तो तळापासून वर येऊन भक्ष्याचा पाठलाग करतो, त्यामुळे पांढरा रबरी ट्यूब जिग किंवा चमच्याच्या आकाराचा चकाकणारा धातूचा गळ झपाट्याने वर ओढल्यावर तो पाठोपाठ येऊन धरतो. हेरिंग मधल्याच पाण्यात फिरते. खोपट्यात बसलेल्या माणसाला हे तिन्ही मासे एकाच भोकातून मिळू शकतात, पण प्रत्येक वेगळ्या उंचीवर. यासाठी अनेक जण खोली दाखवणारे सोनार यंत्र आणतात. नवख्याने ते विकत घेण्याची घाई करू नये.

हे मासे सोडायचे असतील तर आधी एक गोष्ट समजून घ्यावी. ट्राउटच्या वाताशयाला तोंडाकडे उघडणारी नळी असते, त्यामुळे खोलातून वर येताना तो बुडबुडे सोडून आतला दाब कमी करू शकतो. पर्चला अशी सोय नाही. पंधरा-वीस मीटरवरून झटकन वर आणलेल्या पर्चचे पोट फुगते, तो परत सोडला तरी खाली जाऊ शकत नाही आणि बर्फाखाली मरतो. तेव्हा खोल पाण्यात पर्च लागू लागले आणि ते ठेवायचे नसतील, तर जागा सोडावी. उणे पंधरा अंशांत कोणताही मासा फोटोसाठी बर्फावर ठेवू नये, कारण त्याचे कल्ले आणि डोळे काही क्षणांतच गोठू लागतात. भोकाच्या तोंडाशी, ओल्या हाताने, गळ काढून लगेच सोडावा. लेक ट्राउट सावकाश वाढतो आणि वीस वर्षांहून अधिक जगू शकतो, म्हणून मोठा मासा सोडून लहान ठेवणे शहाणपणाचे आहे.

उन्हाळा

उन्हाळ्यात नवख्याला सर्वांत जास्त समाधान देणारा मासा म्हणजे स्मॉलमाउथ बास. 1990 च्या दशकात आलेल्या झेब्रा शिंपल्यांनी पाणी गाळून नितळ केले आणि 2000 च्या दशकात आलेल्या गोबीने बासला आयते खाद्य पुरवले. गोबी बासची अंडी खातो आणि बास गोबीला खातो, पण वजनाच्या हिशेबात बास फायद्यात राहिला आहे. सिमकोतील बास आता आकारासाठी दूरवर प्रसिद्ध आहेत. वसंतात नर घरट्यावर पहारा देत असतो, म्हणून तेव्हा हंगाम बंद असतो. उघडण्याची तारीख त्या वर्षीच्या पुस्तिकेत पाहावी. नितळ पाण्यामुळे मासा आपल्याला दुरून पाहतो, म्हणून दोरी बारीक आणि पारदर्शक हवी. नॉर्दर्न पाइक वनस्पतींच्या कडेला दबा धरून असतो आणि त्याच्या दातांसाठी गळाजवळ तारेचा तुकडा लावावा लागतो. वॉलाय संध्याकाळी मिळतो, पण नवख्याने त्याच्यामागे लागू नये. तलावातून नाहीसा झालेला मस्की हा मोठा शिकारी मासा पुन्हा रुजवण्याचे काम 2005 पासून हाती घेतले गेले.

बोट घ्यायचीच असेल तर वाऱ्याचा अंदाज पाहून घ्यावी. तलाव विस्तीर्ण आणि सरासरीने उथळ असल्याने वारा उठताच आखूड, उभ्या लाटा अर्ध्या तासात तयार होतात. मोटार असलेली बोट चालवण्यासाठी चालकपत्र लागते, प्रत्येकासाठी अंगावर बसणारे जीवनरक्षक जाकीट लागते आणि पाण्यातून बाहेर काढल्यावर बोट साफ करून, तिच्यातले सगळे पाणी काढूनच ती रस्त्यावर आणावी लागते. पहिल्या उन्हाळ्यात किनारा आणि धक्के पुरेसे आहेत: बॅरीचा जलकाठ, जॅक्सन्स पॉइंट, ओरिलिया.

ताटात येईपर्यंत

घरी नेताना माशाची जात ओळखता आली पाहिजे, म्हणून किनाऱ्यावरच तुकडे केले तर त्यावर कातडीचा एक तुकडा राहू द्यावा आणि पिशवीत मासे मोजता येतील असे ठेवावेत. धरलेला मासा विकणे किंवा त्याच्या बदल्यात काही घेणे बेकायदा आहे, आणि खाण्याजोगा मासा वाया घालवणेही बेकायदा आहे. शेजाऱ्यांना वाटून द्यायला हरकत नाही, पण त्यांच्याकडे आपली मर्यादा ओलांडून गेलेले मासे दडवता येत नाहीत.

मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. ओंटारियो सरकार तलाव, जात आणि लांबीनुसार महिन्याला किती वेळा मासा खावा याची मार्गदर्शिका प्रसिद्ध करते आणि त्यात मुले व गरोदर होऊ शकणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी वेगळा, कडक रकाना असतो. मोठ्या ट्राउटपेक्षा लहान पर्च खाणे याही दृष्टीने बरे. पर्चचे मांस पांढरे, घट्ट आणि सौम्य असते. खवले काढण्यापेक्षा कातडीसकट सोलून दोन्ही बाजूंचे काटेविरहित तुकडे काढणे सोपे जाते. हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचा आगळ लावून पंधरा मिनिटे ठेवावेत, रवा व तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर थोड्या तेलात तळावेत. तुकडे पातळ असल्याने एका बाजूला दोन मिनिटे पुरतात. समुद्राच्या माशाचा उग्र गोडवा यात नाही, त्यामुळे कालवणात पर्च हरवून जातो. व्हाइटफिश मात्र तेलकट असते आणि आंबट-तिखट कालवणात ती छान टिकते. फक्त तिचे तुकडे मोठे ठेवावेत आणि रस्सा उकळल्यावर ती अगदी शेवटी सोडावी.